घरचें गाणें आणि आवाजांचें माप

ज्या घरांत दोन शिकणारीं मुलें आणि एक संगणक आहे, त्या घरांत ध्वनिमुद्रणाची एखादी खोली निघावयास हल्लीं फारसा वेळ लागत नाहीं. आमच्या वाईच्या घरीं माडीवरील ज्या खोलींत पूर्वीं लोणच्याच्या बरण्या आणि जुनीं पंचांगें असत, तेथें आतां दोन मायक्रोफोन, वायरींचीं भेंडोळीं आणि भिंतींस टांगलेल्या गोधड्या आहेत. गोधड्यांनीं खोलींतला घुमारा कमी होतो म्हणून त्या टांगावयाच्या; एरव्हीं त्यांत कांहीं शोभा आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

ही खोली आमच्या पुतण्यानें सजविली. आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकून तीसबत्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेले गृहस्थ. यंत्रांशीं आमचा संबंध शाळेच्या घंटेपुरता. तेव्हां या विषयावर आम्ही कां लिहावें, अशी शंका वाचकांस आल्यास तिचें उत्तर इतकेंच कीं, या खोलींत घरांतल्या मंडळींनीं पुष्कळ चुका केल्या आणि त्या सर्व पुढें सुधारतां आल्या. एक चूक आम्हीं केली, ती सुधारतां आली नाहीं. कोणती चूक सुधारते आणि कोणती सुधारत नाहीं हें, ज्यांच्या घरीं वृद्ध माणसांचे आवाज अद्याप नांदत आहेत त्यांना, आधीं कळलेलें बरें.

२०२२ सालच्या दिवाळींत आमच्या थोरल्या काकूंस सत्त्याऐंशीवें वर्ष चालू होतें. त्यांचें माहेर देवरुखाकडचें. त्यांच्या आईनें व आजीनें जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा छापलेल्या अशा आम्हांस कोठेंही आढळल्या नाहींत. जातें घरांतून केव्हांच उठलें. तें परसांत तुळशीजवळ पालथें पडलेलें आहे. ओव्या मात्र काकूंच्या कंठांत राहिल्या होत्या. दिवाळीस सगळी मंडळी जमली असतां पुतण्या म्हणाला, ‘काका, मोठ्या आजींचें सगळें म्हणणें एकदां नीट घेऊन ठेवूं या. तुम्ही म्हटलंत तर त्या बसतील.’

काकू बसल्या, पण कानांवर तें टोपण घालून घेण्यास त्यांनीं साफ नकार दिला. ‘कानाला झांकण लावून कुणी गातं का रे?’ असें त्या आम्हांस म्हणाल्या, आणि यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मग फोनमधला तानपुरा अगदीं हळूं लावून, त्यांच्या तोंडापुढें वीतभर अंतरावर मायक्रोफोन ठेवून, सहा दिवस सकाळच्या न्याहारीनंतर त्या गायिल्या. ओव्यांचे सात गुच्छ आणि चार भजनें झालीं. त्यानंतर एकेकानें सवडीनें येऊन आपापला भाग निराळा भरला. धाकट्या बंधूंनीं पेटी भरली, थोरल्या जांवयांनीं तबला, लेकीसुनांनीं मागचें म्हणणें, भजनांपुरते टाळ, आणि तानपुरा पुन्हां एकदां स्वतंत्र. प्रत्येक आवाज संगणकांत आपल्या वेगळ्या पट्टीवर राहतो. तिला ट्रॅक म्हणतात. तबल्याचे दोन आणि मागच्या म्हणण्याचे दोन धरून आमचे आठ ट्रॅक झाले. हे आठ प्रवाह एकत्र करून त्यांचें एक गाणें करावयाचें, याला मिश्रण म्हणावें.

संक्रांतीस तिळगूळ वाटून झाल्यावर तें तयार झालेलें गाणें मोठ्या पेट्यांवर लावलें. सर्वांनीं वाहवा केली. काकू शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘झालंय छान रे. पण यात मी कुठं आहे?’

आम्ही सर्व हंसलों. परंतु काकू विनोद करीत नव्हत्या. पेटी ऐकूं येत होती, तबला तर खिडक्या हलवीत होता, सुना एकसुरांत म्हणत होत्या, आणि या सगळ्यांच्या मागें, दाराआड उभें राहून कोणी बोलावें तसा, काकूंचा आवाज होता.

हें कसें झालें तें सांगणें मनोरंजक आहे, कारण एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस त्यांत आपलें घर ओळखूं येईल. पुतण्या मिश्रण करीत बसला असतां त्याच्या मागें येऊन उभा न राहिला असा घरांत कोणी नव्हता. धाकटे बंधू म्हणाले, ‘अरे, पेटी जरा वर घे, सूर कळत नाहींत.’ पेटी वर गेली. मग तबला दबला असें वाटूं लागलें. तो कमी आहे असें थोरल्या वन्संच्या यजमानांनीं स्वतः सांगितलें नाहीं, तें वन्संनीं सांगितलें, आणि जांवयाचा तबला खालीं ठेवा असें म्हणावयाचें कोणी? तबला वर गेला. मग लेकीसुना. प्रत्येक ट्रॅकला एक सरकती कळ असते, तिला फेडर म्हणतात. अशा आठांपैकीं सात कळा आठ दिवसांत वर चढल्या. ज्यांनीं कोणास कांहीं सांगितलें नाहीं त्या फक्त काकू. त्यांची कळ पहिल्या दिवशीं होती तेथेंच राहिली.

येथें थोडें मापाविषयीं सांगितलें पाहिजे. आवाजाचें माप डेसिबलमध्यें मोजतात; टेलिफोनचा जनक जो अलेक्झांडर ग्रॅहम बेल, त्याच्या नांवावरून हा शब्द झाला. संगणकांतील मापाची गंमत अशी कीं, त्यांत शून्य हें तळाशीं नसून शिखरावर आहे. शून्य म्हणजे भांडें कांठोकांठ भरलें. त्याखालचे सगळे आंकडे उणे. उणे सहा म्हणजे लाटेची उंची निम्मी, उणे वीस म्हणजे एक दशांश. कानाचा हिशेब निराळा आहे. सुमारें दहा डेसिबल उतरावेत तेव्हां कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. शून्याच्या वर जागाच नाहीं. लाट त्याहून उंच जाऊं लागली कीं तिचा माथा सपाट कापला जातो आणि ऐकणाऱ्यास आवाज चरचरीत, फाटल्यासारखा लागतो.

गृहिणींस हें समजावयास कठिण नाहीं. दूध तापवावयाचें तें कांठापर्यंत भरलेल्या पातेल्यांत कोणी तापवीत नाहीं. वर चार बोटें जागा ठेवावी लागते. ध्वनिमुद्रणांतही ती जागा ठेवावयाची असते. फरक इतकाच कीं, उतूं गेलेलें दूध निदान चुलीवर दिसतें.

आतां आठ पातेलीं एका पातेल्यांत ओतलीं तर काय होईल? दोन निरनिराळे, पण सारख्या जोराचे आवाज एकत्र आले म्हणजे माप सरासरीनें तीन डेसिबल चढतें. चार झाले कीं सहा, आठ झाले कीं नऊ. म्हणजे आठ ट्रॅकांपैकीं प्रत्येक जण उणे सहावर शहाण्यासारखा बसला असला, तरी त्यांची बेरीज शून्य ओलांडून वर तीन जाऊं पाहते. एकट्याचा दोष कोणाचाच नाहीं. वर्गांतल्या चाळीस मुलांपैकीं प्रत्येक जण फक्त कुजबुजतच असतो, हें आम्हीं हजारदां ऐकलें आहे.

ही बेरीज जेथें होते त्या स्थानास मास्टर बस असें नांव आहे. ‘बस’ हा शब्द ऐकून आमच्या डोळ्यांपुढें पांचगणीची लाल गाडी आली, आणि पुतण्या हंसला. पण आम्ही कांहीं अगदींच चुकलों नव्हतों. लॅटिनमध्यें ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठीं’. फ्रान्समध्यें १८२० नंतरच्या दशकांत जी सर्वांना बसतां येईल अशी घोड्यांची गाडी निघाली तिला हें नांव मिळालें. पुढें विजेच्या कारखान्यांत ज्या एका जाड पट्टीवरून सर्व तारांना वीज द्यावयाची तिलाही तेंच लागलें, आणि तेथून तें ध्वनियंत्रांत आलें. आतां या शब्दाचें डोकें तोडून लोकांनीं जें शेपूट ठेवलें आहे, तें ‘बस’, तो मुळीं शब्दच नव्हे. तो लॅटिनमधील चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल तर त्यानें पाणिनीच्या सुप्-प्रत्ययांतला ‘भ्यस्’ आठवावा. ‘सर्वेभ्यः’ यांतील ‘भ्यः’ आणि ‘ऑम्निबस’ मधील ‘बस’ हे एकाच मुळाचे दोन भाऊ आहेत. त्यांतही मौज अशी कीं, संस्कृतांत चतुर्थी व पंचमी यांचें बहुवचन एकच, आणि लॅटिनमध्यें संप्रदान व अपादान यांचेंही एकच. ‘सर्वेभ्यः’ म्हणजे सर्वांस, आणि सर्वांपासून. मास्टर बसचें काम याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं: ती सर्वांपासून घेते आणि सर्वांस देते. आयुष्यभर चतुर्थी शिकवून आम्हांस तिचा असा उपयोग होईल असें वाटलें नव्हतें.

पुतण्यानें संक्रांतीच्या गाण्यांत सात कळा चढलेल्या असतां मास्टर बसवर जें केलें तें बहुतेक घरोघरीं करतात. तेथें लिमिटर नांवाचें एक साधन बसवितां येतें. शून्याजवळ येणारी प्रत्येक लाट तें खालीं दाबतें, म्हणजे वरचा माथा उतूं जात नाहीं. माप ठीक दिसूं लागलें. परंतु दाबावयाचें कोणाला हें लिमिटरला कळत नाहीं. त्याच्यापुढें सगळी बेरीज एकदम येते. तबल्यावर थाप पडली कीं तो सगळेंच खालीं दाबी, आणि काकूंचा आवाज प्रत्येक थापेबरोबर आंत ओढला जाई. काकू हरवल्या त्या अशा.

जुन्या लोकांनीं हा प्रश्न कसा सोडविला होता हें पाहण्यासारखें आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यांत गायकवादकांच्या वृंदाचें लक्षण दिलें आहे. उत्तम वृंदांत मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, आणि बांसरीवाले व मृदंगवाले ४-४. म्हणजे चोवीस कंठांना मृदंग चारच. त्या काळीं फेडर नव्हता, म्हणून आवाजाचें माप माणसें मोजून ठरवीत. पण ठरवीत मात्र पहिल्यानें. पुढें १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान प्रभृतींचीं गाणीं तबकड्यांवर घेतलीं, तेव्हां सगळा आवाज एकाच कर्ण्यांतून आंत जाई. तेथें माप म्हणजे अंतर. गाणाऱ्यानें कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहावयाचें, वादकांनीं मागें. आणि सूर चढला कीं गाणाऱ्यानेंही थोडें मागें सरावयाचें. विजेच्या मायक्रोफोननें मुद्रण १९२५ पासून होऊं लागलें. ज्यांनीं त्यापूर्वीं गाइलें त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: जें मागून सुधारतां येत नाहीं तें आधींच नीट करावें. आतां सगळें मागून करतां येतें अशी समजूत झाल्यामुळें आधीं कोणी कांहींच नीट करीत नाहीं. हें म्हातारपणाचें कुरकुरणें म्हणून वाचकांनीं सोडून द्यावें. पण आम्हीही त्यांतलेच निघालों तें पुढें येईलच.

२०२३ च्या वैशाखांत काकू न्हाणीघरांत पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. आषाढांत त्या गेल्या.

वर्षभर तें गाणें कोणी लावलें नाहीं. पहिल्या वर्षश्राद्धास त्यांची कन्या, म्हणजे आमच्या चुलत भगिनी, देवरुखाहून आल्या. रात्रीं त्या आम्हांस म्हणाल्या, ‘दादा, आईच्या ओव्या ऐकव ना. नुसत्या तिच्या. पेटीबिटी नको.’ पुतण्यानें मूळचे आठही ट्रॅक जसेच्या तसे जपून ठेवले होते, ही त्याची मोठी शाबासकी. गाणें बिघडलें तें मिश्रणांत, आणि मिश्रण पुन्हां करतां येतें. आम्हीं ठरविलें कीं सगळें पहिल्यापासून करावयाचें, आणि या खेपेस खोलीचें दार आंतून लावावयाचें.

या दुसऱ्या खेपेस जें शिकलों तें येथें सांगतों. आधीं सर्व कळा पार खालीं आणल्या. मास्टरची कळ तेवढी शून्यावर ठेवली आणि पुन्हां तिला हात लावला नाहीं. मग काकूंचा आवाज एकटा वर घेतला, त्याचीं शिखरें उणे बाराच्या आसपास येईपर्यंत. हें झालें घरचें थोरलें माणूस. आतां बाकीच्यांनीं त्यांच्याकडे पाहून बसावें. तानपुरा इतकाच ठेवला कीं असतांना जाणवूं नये आणि बंद केला तर चुकल्यासारखें वाटावें. मग भजनांत तबला, मग पेटी, मग मागचें म्हणणें, शेवटीं टाळ.

पेटीनें आम्हांस पुष्कळ शिकविलें. मापाचा कांटा शिखरें दाखवितो, आणि कान सरासरी ऐकतो. टाळाचा आघात क्षणभर उंच उडतो व विरून जातो, म्हणून कांट्यावर तो मोठा दिसला तरी कानाला लहान लागतो. पेटीचें याच्या अगदीं उलट. तिचा सूर भात्याच्या वाऱ्यावर अखंड भरलेला. कांट्यावर ती गरीब दिसते आणि कानांत सगळी जागा व्यापते. काकूंच्या आवाजाइतकेंच शिखर पेटीला दिलें तर काकू बुडाल्याच. पहिल्या खेपेस धाकट्या बंधूंची पेटी कांट्यावर कमी दिसे, आणि तोच त्यांचा पुरावा होता. या वेळीं आम्हीं पेटी दहा डेसिबल खालीं आणली, त्यांना बोलावून ऐकविलें, आणि त्यांनीं डोळे पुसून ‘ठीक आहे’ म्हटलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, एखादा आवाज ऐकूं येत नाहीं असें वाटलें तर त्याला वर नेण्यापूर्वीं बाकीच्यांना खालीं आणून पाहावें. वर नेण्यास अंत आहे, तो शून्यापाशीं. खालीं बरीच जागा आहे. तबल्याचे दोन ट्रॅक एका पोटबसवर आणि मागच्या म्हणण्याचे दोन दुसऱ्या पोटबसवर घेतले, म्हणजे जांवयांचा तबला कमीजास्त करतांना उजव्याडाव्यांतलें अंतर बिघडत नाहीं. एकत्र कुटुंबांत मुलांचीं भांडणें थेट कर्त्यापर्यंत जात नाहींत, आधीं आपापल्या आईपाशीं मिटतात, तशीच ही व्यवस्था.

सगळे बसल्यावर मास्टर बसवरची शिखरें उणे सहाच्या खालीं राहिलीं पाहिजेत. आमचीं दोन भजनांत उणे दोनापर्यंत गेलीं. येथें मास्टरची एकच कळ ओढली कीं काम होतें असें वाटतें. आम्हींही हात पुढें केला होता. पुतण्या म्हणाला, ‘काका, तसं केलं तरी आवाज फाटणार नाही. आत हिशेब तरंगत्या दशांशाचा असतो, तिथं शून्याच्या वरही मावतं. पण मास्टरवर जी साधनं आपण बसवणार, ती बहुतेक ठिकाणीं त्या कळेच्या आधी लागतात. त्यांच्यात मोठाच आवाज शिरणार.’ म्हणून आठही ट्रॅक एकदम निवडून सगळ्यांना सारखेंच चार उतरविलें. एकमेकांतलें प्रमाण तेंच राहिलें आणि वर चार बोटें जागा झाली.

मास्टर बसवर या वेळीं फारच थोडें ठेवलें. एक कॉम्प्रेसर, दोनास एक या प्रमाणाचा, आणि तोही एकदोन डेसिबलच दाबील इतका. त्याला जागें होण्यास तीस मिलिसेकंदांची सवड दिली, म्हणजे तबल्याची थाप निसटून पुढें येते आणि मग तो काम सुरू करतो. शेवटीं लिमिटर, उणे एकावर, केवळ दाराशीं बसलेल्या गुरख्यासारखा. त्याला रात्रभरांत दोनदां उठावें लागलें तर ठीक. सारखेंच उठावें लागत असेल तर चूक घरांत आहे.

‘पण मग आपलं गाणं इतरांपेक्षा हळू वाजेल,’ अशी सूनबाईंची शंका. ती पुष्कळांस येते. पाश्चात्य देशांत या मोठेपणाच्या हव्यासानें पुष्कळ तबकड्या नासल्या. मेटॅलिका या प्रसिद्ध मंडळीची २००८ ची ‘डेथ मॅग्नेटिक’ इतकी दाबलेली निघाली कीं, तीच गाणीं एका संगणकी खेळांत कमी दाबलेलीं आलीं तीं ऐकणाऱ्यांना अधिक आवडलीं. आतां त्याचें कारणही उरलें नाहीं. कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचें एक आंतरराष्ट्रीय माप २००६ सालीं ठरलें. युरोपच्या आकाशवाणी संस्थांनीं २०१० सालीं त्या मापानें उणे तेवीस ही पातळी घेतली, आणि स्पॉटिफायसारख्या गाणीं ऐकविणाऱ्या सेवा सर्वांना सामान्यतः उणे चौदावर आणून बसवितात. जो ओरडत येतो त्याला ते खालीं आणतात. त्याच्या हातीं फक्त घसा बसलेला राहतो.

ऐकण्याविषयींही एक सांगावयाचें राहिलें. फ्लेचर व मन्सन या दोघांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज हळूं असतां कानाला खालचे सूर फार कमी ऐकूं येतात आणि मोठा केला कीं तेच भरून येतात. म्हणजे मोठ्यानें लावलें कीं सगळेंच छान वाटतें, व कोणती कळ चुकली तें कळत नाहीं. आम्हीं ऐकण्याची पातळी बोलण्याइतकी ठरवून कळेवर खडूनें खूण केली. शिवाय तयार झालेलें गाणें फोनवरही ऐकावें. त्याच्या चिमुकल्या कर्ण्यांतून डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहींसा होतो. तरीही ठेका कळत असेल तर मिश्रण जमलें.

आतां आमच्या चुकीकडे यावयाचें.

भजनें झाल्यावर आम्ही ओव्या घेतल्या. पांचव्या गुच्छांत काकूंचा आवाज एकटा लावला, आणि तिसऱ्या ओवीच्या शेवटीं, जेथें सूर वर चढतो तेथें, तो फाटला. पुतण्यानें मिश्रणांतल्या सगळ्या साधनांना बंद करून पाहिलें. तरीही फाटला. मग त्यानें पडद्यावर ती लाट मोठी करून दाखविली. तिचे माथे कात्रीनें कापल्यासारखे सपाट होते. हें मिश्रणांत झालेलें नव्हतें. मायक्रोफोनमधून संगणकांत जातांनाच झालेलें होतें. संक्रांतीच्या गाण्यांत तेथें पेटीचा मोठा सूर होता, म्हणून इतके दिवस कोणास कळलें नाहीं.

तो दिवस आम्हांस आठवतो. पुतण्यास कामासाठीं पुण्यास जावें लागलें होतें, आणि आवक कमीजास्त करण्याचें तें गोल बटण आमच्या हातीं होतें. काकूंना ‘जरा म्हणून पाहा’ असें म्हटलें. त्यांनीं गुणगुणून दाखविलें. गुणगुणण्यास कांटा फारसा हलला नाहीं, म्हणून आम्हीं बटण फिरवून त्याला चांगला वर आणला. भरलेलें माप पाहून समाधान वाटलें, हेंही कबूल करतों. मग काकू गाऊं लागल्या, आणि ज्या ओवीला त्यांच्या आईची आठवण येई तेथें त्यांनीं आवाज मोकळा सोडला. कडेला लाल दिवा लागला होता. तो काय सांगतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि मध्येंच थांबवावेंसेंही वाटलें नाहीं.

पुतण्यानें पूर्वीं एकदां सांगितलें होतें तें आतां कळतें. २४ बिटांच्या मुद्रणांत १४४ डेसिबलांचा पल्ला कागदावर तरी असतो, एका बिटास सुमारें सहा या हिशेबानें. आवाजाची सरासरी उणे अठरावर ठेवली तर जातात तीन बिट, आणि एवढ्या मोठ्या पल्ल्यांत ते कोणास जाणवत नाहींत. हळूं घेतलेलें मागून मोठें करतां येतें. फाटलेलें शिवतां येत नाहीं. माप पाहावयाचें तें गुणगुणण्यावर नव्हे, गाणाराकडून त्याची सगळ्यांत चढी ओळ म्हणवून पाहावयाचें, आणि त्यावरही सहा डेसिबल जागा सोडावयाची, कारण खरोखर गातांना माणूस त्याहून मोठा गातो. मायक्रोफोन वीतभराऐवजीं दोन विती दूर असता, तर तेवढ्यानेंही सुमारें सहा डेसिबल वांचले असते.

कापलेल्या माथ्यांच्या जागीं काय असावें याचा अंदाज करून तें भरणारीं साधनें आतां निघालीं आहेत. पुतण्यानें दोन रात्रीं बसून तीं लावून पाहिलीं. चरचर बरीच कमी झाली. पण तें संगणकाचें अनुमान आहे, काकूंचा कंठ नव्हे. आणि ज्या अक्षरावर सूर चढला होता तें अक्षर कांहीं स्पष्ट झालें नाहीं. शब्द ‘माउली’ आहे कीं ‘साउली’, हें आजही कळत नाहीं. दोन्ही शब्दांनीं अर्थ लागतो. ही ओवी घरांत दुसऱ्या कोणास येत नव्हती.

ती ओवी गाळून टाकावी असें सूनबाईंचें मत पडलें. ऐकवत नाहीं म्हणून. धाकटे बंधू म्हणाले, तेथें पेटी पुन्हां मोठी करावी. आमच्या भगिनींनीं दोन्ही गोष्टींस नकार दिला. सातही गुच्छांत आतां काकू आणि तानपुरा एवढेंच आहे, मास्टर बसवर कांहीं नाहीं, आणि ती ओवी अंदाजानें न भरतां, जशी मुद्रित झाली तशीच ठेवली आहे. भगिनी देवरुखास परत जातांना सगळ्या ओव्या एका वहींत उतरवून घेऊन गेल्या. त्या ठिकाणीं त्यांनीं पहिलें अक्षर लिहिलें नाहीं. त्यांच्या आजोळीं, शास्त्रीपुलाच्या पलीकडे, एक नव्वदीच्या मावशी अद्याप आहेत. त्यांना फोनवर नीटसें ऐकूं येत नाहीं, म्हणून त्या कार्तिकांत स्वतः जाऊन विचारणार आहेत. पुतण्यानें त्यांच्याबरोबर एक मायक्रोफोन दिला आहे, आणि आवक किती ठेवावयाची तें एका चिठीवर लिहून त्या बटणावरच चिकटविलें आहे.